सीटी नॉर्मल, तरी झोक का जातो?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील ६६ वर्षांचे, जन्मभर यंत्रमागावर काम केलेले. बीपी आणि शुगर दोन्ही आहे. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे उठले आणि एकदम गरगरलं, उलट्या झाल्या, पुढे दोन दिवस उचकी थांबेना. सीटी स्कॅन नॉर्मल आला. एका डॉक्टरांनी कानाचं सांगितलं, दुसऱ्यांनी मानेचा मणका घासलाय म्हणून पट्टा दिला, तिसरे म्हणाले लहान मेंदूचं असू शकतं. हातपाय व्यवस्थित चालतात, पण चालताना अजून डावीकडे झोक जातो, आवाज बसलाय, पाणी पिताना ठसका लागतो. आईलाही अधूनमधून कुशीवर वळताना काही सेकंद गरगरतं, तिला पण हेच होणार का ही धास्ती आहे. तोल मेंदूचा नेमका कोणता भाग सांभाळतो आणि उचकी-ठसक्याचा त्याच्याशी काय संबंध, हे त्यांना समजून घ्यायचंय.

आधी कामाचं सांगतो, शास्त्र मागाहून. ही सगळी लक्षणं एकत्र वाचली की माझा संशय कानावर किंवा मानेवर जात नाही. तो ब्रेनस्टेमच्या, म्हणजे मेंदूच्या देठाच्या, सगळ्यात खालच्या भागावर, मेडुलावर जातो. माणूस समोर बसवून तपासल्याशिवाय निदान होत नसतं, म्हणून याच आठवड्यात मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा आणि त्यांनी एमआरआय सांगितला तर खर्चाकडे बघून टाळू नका. तोवर पाणी, चहा, ताक असं पातळ काही देताना वडिलांना ताठ बसवा, हनुवटी किंचित छातीकडे झुकवून लहान लहान घोट घ्यायला सांगा. आडवं असताना काही पाजू नका. गिळताना पाणी श्वासनळीत उतरलं तर न्यूमोनिया होतो. ताप आला, दम लागला किंवा छातीत घरघर ऐकू आली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तोल कोण सांभाळतो, तर लहान मेंदू, असं शाळेत शिकवतात. उत्तर चूक नाही, अर्धं आहे. तोल हे मेंदूतल्या बऱ्याच ठिकाणांनी मिळून करायचं काम आहे आणि त्यातलं कुठलंही ठिकाण बिघडलं तरी माणूस पडतो. फरक पडतो तो पडण्याच्या तऱ्हेत. ओपीडीत तोल जाणारा माणूस आला की मी त्याला आधी बोळातून चालवून बघतो. तो एकाच बाजूला कलंडतो, पाय फाकवून डुलत चालतो, ओंडक्यासारखा मागे कोसळतो, पाय जमिनीला चिकटल्यासारखा दारातच अडतो, की उजेडात ठीक आणि अंधारात मात्र पडतो? एवढ्यावरून निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं तोलाबरोबर शरीराचं आणखी काय बिघडलंय त्यावरून कळतं. तुमच्या वडिलांच्या गोष्टीत गरगरण्यापेक्षा उचकी आणि ठसका जास्त बोलके आहेत.

मेंदूला तोलाची खबर तीन वाटांनी पोचते. पहिली वाट आतल्या कानाची. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या असतात. त्यांत द्रव असतो, डोकं वळलं की तो मागे रेंगाळतो आणि त्याच्या दाबाने बारीक केस असलेल्या पेशी वाकतात. शेजारी दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे जेलीसारख्या पडद्यावर चिकटलेले असतात, त्यांच्या वजनावरून वर-खाली आणि पुढे-मागे कळतं. ही खबर मज्जातंतूतून थेट ब्रेनस्टेममध्ये जाते आणि तिथून डोळ्यांच्या स्नायूंना हुकूम सुटतो, तोही सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात. प्रयोग करून बघा. हातात पेपर धरा, डोकं स्थिर ठेवून पेपर भराभर डावी-उजवीकडे हलवा, अक्षरं पुसट होतील. मग पेपर स्थिर ठेवून तितक्याच वेगाने डोकं हलवा, बातमी वाचता येईल. दुसऱ्या वेळी कान आणि ब्रेनस्टेम मिळून डोळे उलट्या दिशेला फिरवत असतात, तुम्हाला पत्ताही लागत नाही.

दुसरी वाट डोळ्यांची, तिच्याबद्दल फार सांगायला नको. तिसरी मात्र लोक विसरतात. तळपाय, घोटे, गुडघे, स्नायू यांतून येणारी खबर पाठीच्या मणक्यातल्या मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने वर चढते. शुगरने पायाच्या नसा खराब झाल्या किंवा बी-१२ कमी पडलं की ही वाट खचते. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता मी रोज बघतो, आणि शुगरसाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही. असा माणूस दिवसा डोळ्यांच्या भरवशावर बरा चालतो. सकाळी तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले की मोरीतच तोल जातो, रात्री लाइट गेली की भिंत धरावी लागते. पाय जुळवून, डोळे मिटून उभं करण्याची जी तपासणी आम्ही करतो ती बर्लिनचे डॉक्टर रॉम्बर्ग यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे आणि अजून फुकट होते. तुमच्या वडिलांना शुगर आहे, तेव्हा बी-१२ तपासून घ्याच. पण त्यांचा झोक एकाच बाजूला जातो. नुसत्या पायांच्या नसांनी तसं होत नाही.

आता लहान मेंदू. वजनाने हा मेंदूचा साधारण दहावा हिस्सा, दीडशे ग्रॅमच्या आसपास. पण चेतापेशी मोजायला गेलं तर गणित उलटतं. २००९ साली ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल यांच्या गटाने केलेल्या मोजणीत माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी भरल्या, त्यातल्या जवळजवळ ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत. एवढ्या पेशी करतात काय? हालचाल सुरू करणं हे त्यांचं काम नाही. हात उचल, पाऊल टाक हा हुकूम मोठ्या मेंदूचा. लहान मेंदूकडे त्या हुकुमाची प्रत येते आणि कान, डोळे, पाय यांची खबरही येते. ठरलं होतं काय आणि होतंय काय यातली तफावत तो पकडतो आणि चूक व्हायच्या आतच दुरुस्ती पाठवतो. जपानचे मासाओ इतो यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं की चूक झाली की लहान मेंदूतल्या पुर्किन्ये नावाच्या पेशींचे जोड बदलतात, म्हणजे हा अवयव चुकांतून शिकतो.

सोलापूरकराला हे समजायला पुस्तक लागत नाही. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतले भक्त नंदीध्वज पेलून चालताना आपण लहानपणापासून बघतो. उंच, जड काठी उभी पेलायची, वर नजर, खाली गर्दी, आणि तशात ६८ लिंगांची प्रदक्षिणा. काठी कलली की मग सावरू म्हणणारा ती पेलूच शकणार नाही. शेंडा हलायला लागण्याच्या बेतात असतानाच कमर आणि पाय सरकायला हवेत. यात्रेच्या आधी जो सराव चालतो तो लहान मेंदूचाच अभ्यास आहे. आपल्याकडे विडी वळणाऱ्या बायका गप्पा मारत, हातांकडे न बघता पानात तंबाखू भरतात, दोरा गुंडाळतात, तेही त्याच खात्यातलं. पूर्व भागातल्या अशाच एका मावशींना लहान मेंदूचा छोटा झटका आला. हाताची ताकद शाबूत, पण त्या सांगायच्या, "उजव्या हाताला आता एकेक गोष्ट सांगावी लागते." पहिल्या महायुद्धात लहान मेंदूला गोळी लागलेल्या सैनिकांना तपासणारे लंडनचे डॉक्टर गॉर्डन होम्स यांनी त्यांच्या एका रुग्णाचं जवळजवळ हेच म्हणणं लिहून ठेवलंय.

लहान मेंदूतही वाटण्या आहेत. मधला पट्टा धड सांभाळतो, बाजूचे दोन गोलार्ध हातपाय आणि बोलण्याची लय, आणि तळाशी एक जुना छोटा तुकडा कान-डोळ्यांची सांगड घालतो. मधला पट्टा बिघडला की माणसाला पलंगावर नुसतं बसवलं तरी डुलतो. वर्षानुवर्षे दारू पिणाऱ्यांचा हाच पट्टा आधी झिजतो. त्यांचे हात बऱ्यापैकी नीट चालतात, पाय मात्र फाकवूनच पडतात, न प्यालेल्या दिवशीसुद्धा. उलट फिटच्या फेनिटॉइन गोळीचा डोस जास्त झाला तर दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूसही तसाच झिंगत चालतो. गावाकडून आलेले नातेवाईक त्याच्यावर संशय घेतात, बिचाऱ्याला शिव्या खाव्या लागतात. रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासलं की उलगडा होतो.

एक खूण लक्षात ठेवा. मोठ्या मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, हे बहुतेकांना माहीत असतं. लहान मेंदू मात्र आपल्याच बाजूचा मालक असतो. डावीकडे इजा तर डावा हात चुकतो आणि झोकही डावीकडे. तिसऱ्या डॉक्टरांनी लहान मेंदूचं नाव घेतलं ते त्यामुळे असावं आणि ते फार लांब नव्हते. पण लहान मेंदूने एकट्याने आवाज बसत नाही आणि उचकीही लागत नाही. म्हणून आणखी खाली उतरावं लागतं.

ब्रेनस्टेम म्हणजे मोठा मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणारा देठ, जेमतेम सात-आठ सेंटिमीटर लांबीचा. त्याचा सगळ्यात खालचा तीनेक सेंटिमीटरचा भाग म्हणजे मेडुला. शरीराची जी कामं आपण कधी ठरवून करत नाही त्यातली निम्मी या तीन सेंटिमीटरमध्ये आहेत. श्वासाचा ठेका इथे पडतो. तुम्ही मोठ्या मेंदूच्या जोरावर श्वास रोखून धरू शकता, पण रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेडुला तुमचं ऐकत नाही, श्वास घ्यायला लावतोच. झोपेतही हा ठेका त्याच्याच हाती असतो. मान आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांतून रक्तदाबाची खबर इथे येते आणि हृदयाचा वेग इथून कमी-जास्त होतो. खाटेवरून उठून उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं आणि ही यंत्रणा काही ठोक्यांतच सावरून घेते. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं आणि वर बीपीच्या गोळ्या चालू असल्या की तिला सावरणं जमत नाही, उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते. वरचा बीपी उभं राहिल्यावर तीन मिनिटांत २० ने किंवा जास्त उतरला तर ते चक्कर येण्याचं कारण समजायचं. हे तपासायला बीपीचं मशीन आणि थोडा वेळ लागतो, तरी आडवं आणि उभं असा दोनदा बीपी फार कमी ठिकाणी मोजला जातो.

गिळण्याचा सगळा क्रम मेडुलातूनच चालतो. घास मागे गेला की श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनळीचं तोंड बंद होतं आणि घास अन्ननलिकेत उतरतो. स्वरयंत्राचे स्नायू हलवणाऱ्या पेशीही तिथेच. उलटी घडवून आणणारं केंद्र तिथे, उचकीचं चक्र तिथे, कानाची तोलाची खबर उतरवून घेणारी ठाणी तिथे, आणि मज्जारज्जूतून लहान मेंदूकडे जाणारा मोठा रस्ताही त्याच्याच कडेने. हे सगळं इतकं खेटून आहे की एक बारीक रक्तवाहिनी तुंबली तरी एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखी दिसणारी पाच-सहा कामं एकदम बिघडतात. गरगरणं, उचकी, बसलेला आवाज, ठसका, एका बाजूला झोक ही यादी वाचून घरचे चक्रावतात. मेडुलाचा आडवा छेद डोळ्यांसमोर आणला तर हे सगळे शेजारी निघतात.

जर्मन डॉक्टर अडॉल्फ वॉलेनबर्ग यांनी १८९५ साली हेच चित्र वर्णन केलं आणि इजा मेडुलाच्या कडेला असणार असा अंदाज केला. पुढे तो रुग्ण वारल्यावर शवविच्छेदनात अंदाज बरोबर निघाला. त्या काळी स्कॅन नव्हते, नुसत्या लक्षणांच्या शेजारावरून त्यांनी जागा शोधली. या लकव्याचा डाव असा की हातपाय लुळे पडत नाहीत. हालचालीचे हुकूम नेणारे तंतू मेडुलाच्या पुढच्या बाजूला असतात, त्यांना रक्त वेगळ्या फांद्यांतून मिळतं, म्हणून कडेचा भाग गेला तरी ते वाचतात. लकवा म्हणजे तोंड वाकडं आणि हात लुळा, हे आपल्याकडे पक्कं बसलंय. हातपाय चालतात म्हटल्यावर घरचे निर्धास्त होतात आणि रक्ताची गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची वेळ निघून जाते.

वडिलांना आज दोन गोष्टी विचारा. अंघोळीचं पाणी अंगाच्या एका बाजूला गरम आणि दुसऱ्या बाजूला कोमट लागतं का? आणि डाव्या गालावर बधिरपणा आहे का? मेडुलाच्या डाव्या कडेला इजा असेल तर बहुतेकदा चेहऱ्याची डावी बाजू आणि अंगाची उजवी बाजू गरम-गार आणि टोचणं ओळखत नाही. चेहऱ्याचे तंतू त्या पातळीवर अजून बाजू बदललेले नसतात, अंगाचे मात्र खाली मज्जारज्जूतच पलीकडे गेलेले असतात. असं उलटसुलट चित्र कान किंवा मान कधीच घडवत नाहीत. डावी पापणी थोडी उतरलेली आणि त्या डोळ्याची बाहुली लहान दिसत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. होय म्हणाले तर बादलीतलं पाणी त्यांना हाताने अजमावू देऊ नका, तुम्ही बघा. बधिर बाजू भाजून घेतलेले लोक मी पाहिलेत.

मग सीटी नॉर्मल का आला? सीटी रक्तस्राव लगेच पकडतो आणि त्यासाठी तो करायलाच हवा. पण रक्तपुरवठा बंद पडून झालेली इजा पहिल्या तासांत त्यात फारशी दिसत नाही, आणि डोक्याच्या मागच्या भागात जाड हाडांच्या सावल्यांमुळे आणखी धूसर होते. एमआरआय पुष्कळ चांगला, तरी पहिल्या दोन दिवसांत तोही काही वेळा फसतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, सतत गरगरणाऱ्या रुग्णांच्या डोळ्यांची पलंगाशेजारी केलेली तीन टप्प्यांची तपासणी सुरुवातीच्या एमआरआयपेक्षा सरस ठरली. त्यात एक गंमत आहे. रुग्णाचं डोकं झटकन बाजूला वळवल्यावर नजर घसरली तर बिघाड कानात, आणि नजर पक्की राहिली तर काळजी मेंदूची. तपासणी नॉर्मल निघाल्यावर घाबरायचं, असे प्रसंग वैद्यकात थोडेच. मात्र ही तपासणी गरगरणं चालू असतानाच आणि सराव असलेल्या डॉक्टरांनी करायची असते. घरी मान झटकून बघू नका.

कान आणि ब्रेनस्टेमचं हे नातं किती घट्ट आहे ते दोन टोकांच्या प्रसंगांतून दिसतं. व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी कान धुवायचे. पाणी गार असलं की रुग्णांना गरगरतं आणि डोळे थरथरतात, हे त्यांनी टिपलं आणि त्यातून कानाची तपासणी तयार केली. १९१४चं नोबेल त्यांना जाहीर झालं तेव्हा ते रशियनांच्या ताब्यात युद्धकैदी होते. हीच गार पाण्याची तपासणी आज आयसीयूत ब्रेनस्टेम मृत झालाय का हे ठरवताना करतात. कानात बर्फाचं पाणी घालूनही डोळे हलले नाहीत, बाहुल्या उजेडाला प्रतिसाद देत नाहीत, व्हेंटिलेटर काढून पाहिल्यावर श्वास येत नाही, अशा तपासण्यांची फेरी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होते. भारतात १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने त्याला मृत्यू मानलंय. हृदय चालू असताना अवयवदानाबद्दल विचारलं की नातेवाईक चिडतात, ते मी समजू शकतो. पण मोठ्या मेंदूचा बराच भाग गेला तरी माणूस जगतो, आणि हे सात-आठ सेंटिमीटर गेले की परत येत नाही.

मानेच्या मणक्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. साठीनंतर कुणाचाही मानेचा एक्स-रे काढा, झीज दिसणारच. ती चक्करीचं कारण असणं क्वचितच खरं असतं. मानेतल्या मणक्यांच्या छिद्रांतून ब्रेनस्टेमकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या वर चढतात, त्यामुळे मान आणि चक्कर यांची जोडी पटकन पटते. पण वडिलांच्या वयात, बीपी-शुगर असताना, त्या वाहिन्या तुंबतात त्या बहुधा आतून जमलेल्या चरबीने. पट्टा बांधून ती हलणार नाही. तंबाखूची सवय असेल तर ती सोडवणं पट्ट्यापेक्षा लाखपटीने उपयोगी.

सोलापुरात राहून उन्हाबद्दल न लिहिणं जमणार नाही. शरीराचं तापमान, तहान, भूक, झोपेचं घड्याळ हे सगळं हायपोथॅलॅमस नावाचा, चारेक ग्रॅमचा भाग बघतो. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असताना तो घाम काढून, त्वचेकडे रक्त वळवून शरीर ३७ अंशांजवळ ठेवतो. पाणी संपलं, घाम थांबला आणि आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की उष्माघात. त्यातून वाचलेले काही जण नंतर महिनोन्महिने डुलत चालतात, बोलणं तुटक होतं, कारण मघाशी सांगितलेल्या पुर्किन्ये पेशींना उष्णता अजिबात सोसत नाही. उन्हात बरळायला लागलेल्या माणसाला आधी गार पाण्याने भिजवून वारा घाला, गाडी शोधणं त्याच वेळी चालू द्या. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

तोलाची उरलेली दोन खाती भरभर उरकतो, कारण तुमच्या वडिलांशी त्यांचा संबंध दिसत नाही. मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लिया सवयीच्या हालचालींची गती राखतात. तिथे डोपामिन नावाचं रसायन कमी पडलं की पार्किन्सन्स होतो. पावलं छोटी पडतात, वळताना अडखळतं, मागून हलकासा ओढा दिला तरी माणूस सावरत नाही. आणि कपाळामागचा भाग चालण्याचा बेत ठरवतो. मेंदूतलं पाणी साचून आतल्या पोकळ्या फुगल्या तर पाय जमिनीला चिकटतात, लघवी आवरत नाही, विसराळूपणा येतो. या तिन्ही गोष्टी वयाच्या नावावर खपवल्या जातात. योग्य रुग्णात छोटी नळी बसवून पाणी वळवलं की त्यातले कित्येक जण पुन्हा चालतात.

वडिलांच्या सुधारणेबद्दल. मेडुलाच्या कडेला इजा झालेल्यांपैकी बरेच जण काही आठवड्यांत ते महिन्यांत चांगले सावरतात, गिळणंसुद्धा. उरलेला शाबूत भाग नवा हिशेब शिकतो आणि त्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. पण शिकायला त्याला चुका लागतात, म्हणजे हालचाल लागते. पलंगावर पडून राहिलं की हे शिक्षण थांबतं. चक्करीच्या गोळ्यांचा मुद्दा इथेच येतो. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन या गोळ्या पहिले दोन-तीन दिवस उलट्या आणि गरगरणं आवरायला चांगल्या. नंतरही त्या चालू ठेवल्या की मेंदूला चूक जाणवू देत नाहीत, सावरणं लांबतं. वयस्कर माणसांत महिनोन्महिने घेतल्यावर त्यांनी हात कापायला लागतात, चाल पार्किन्सन्ससारखी होते. चक्करीसाठी दोन-दोन वर्षं त्याच चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळ्या आणणारे लोक आपल्या शहरात कमी नाहीत. वडिलांची कुठली गोळी चालू आहे ते बघा आणि डॉक्टरांना विचारून बंद करायची का ते ठरवा. मात्र बीपी, शुगर आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नका. तोलाचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिका: उभं राहून नजर एका खुणेवर ठेवत डोकं वळवणं, भिंतीजवळ एका ओळीत पावलं टाकणं. डावीकडे झोक जातो म्हणून धरणाऱ्याने डावीकडेच उभं राहायचं.

आईचं वेगळं आहे आणि बहुधा सोपं. कुशीवर वळल्यावर, वर फळीवर बघितल्यावर एका मिनिटाच्या आत थांबणारं गरगरणं बहुतेक वेळा कानातल्या त्या खड्यांचं असतं. एखादा खडा सुटून नळीत शिरतो आणि डोकं हललं की द्रव ढवळतो. रुग्ण चक्कर म्हणतो, भोवळ म्हणतो की घेरी, याकडे मी फार लक्ष देत नाही. किती वेळ टिकतं आणि कशाने सुरू होतं, एवढं विचारतो. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ साली सांगितलेल्या पद्धतीने झटकन आडवं करून डोळे बघितले की कोणता कान ते कळतं, आणि एपली यांच्या पद्धतीने डोकं ठराविक क्रमाने फिरवून खडा नळीबाहेर काढता येतो. दहा मिनिटांचं काम आहे, बहुतेकांना एक-दोन बैठकांत आराम पडतो. त्यातून वडिलांसारखं दुखणं होत नाही.

पण बीपी आईलाही असेल तर हे मात्र वेगळं धरा: गरगरणं तासन् तास थांबत नाही, एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते, आवाज बदलतो, गिळता येत नाही, किंवा आधाराशिवाय उभंच राहता येत नाही. यातलं एकही असलं तर सकाळची वाट बघू नका. जिथे चोवीस तास स्कॅन आणि लकव्याचं (स्ट्रोकचं) इंजेक्शन आहे तिथेच थेट जा, आणि शेवटचं ठीक कधी होतं ती वेळ कागदावर लिहून न्या.

वडिलांना घेऊन जाल तेव्हा सीटीची फिल्म आणि सीडी दोन्ही न्या, नुसता रिपोर्ट नको. चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला. ते चालतानाचा आणि पाणी पितानाचा मोबाइलवर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, दवाखान्यात माणूस उगाच नीट चालून दाखवतो.